डेक्स्ट्रान

डेक्स्ट्रान : ग्लुकोज या शर्करेची असंख्य एकके एकमेकांस जोडली जाऊन तयार होणाऱ्या व पाण्यात विरघळणाऱ्या बहुवारिकांच्या (लहान, साध्या रेणूंच्या पुनरावृत्तीने बनलेल्या प्रचंड रेणूंच्या संयुगांच्या) गटास डेक्स्ट्रान म्हणतात. काही सूक्ष्मजंतू उसाच्या वा बीटच्या साखरेपासून, म्हणजे सुक्रोजापासून, ते तयार करतात. साखर कारखानदारांना एकोणिसाव्या शतकात हा पदार्थ केवळ उपद्रव म्हणून परिचित होता. विसाव्या शतकाच्या मध्यास त्याचा उपयोग रक्तस्रावाने मरणोन्मुख झालेल्या रुग्णांचे प्राण वाचविण्यासाठी होऊ लागला आणि त्यानंतर जीवरसायनशास्त्रातील एका महत्त्वाच्या पृथक्करण पद्धतीचा तो आधार ठरला. दरवर्षी शेतात पिकणाऱ्या कच्च्या मालापासून औद्योगिक प्रमाणावर तयार केल्या गेलेल्या जलविद्राव्य बहुवारिकांमध्ये डेक्स्ट्रानाचा इतिहास विशेष उद्‌बोधक आहे.

शोध : बीटपासून साखर काढण्याचा पहिला कारखाना यूरोपात १८०१ मध्ये सायलीशियात निघाला. हा धंदा वाढला तसा त्यातील एक अडचणीचा प्रकार वारंवार दिसू लागला. साठवलेला रस अचानक दाट व बुळबुळीत होई, गाळण्या तुंबत, नळ चोंदत आणि साखरेचे स्फटिकीभवन रेंगाळे. भांड्यांत साचणाऱ्या लिबलिबीत गोळ्यांना जर्मन कामगार बेडकाची अंडी म्हणत. हा प्रकार केवळ रासायनिक बिघाडाचा नसून सूक्ष्मजीवांच्या क्रियेचा परिणाम आहे, असे फ्रेंच शास्त्रज्ञ लूई पाश्चर यांनी १८६१ मध्ये दाखवून दिले. या चिकट पदार्थाचे रासायनिक स्वरूप जर्मन रसायनशास्त्रज्ञ कार्ल शायब्लर यांनी अभ्यासले. तो कार्बोहायड्रेट असून त्याचा विद्राव ध्रुवित प्रकाशाचे प्रतल (ज्या एकाच पातळीत प्रकाशाची कंपने होतात ती पातळी) उजवीकडे वळवितो, असे आढळल्यावरून ‘उजवा’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्यांनी त्यास ‘डेक्स्ट्रान’ हे नाव दिले (१८७४). चार वर्षांनी फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ फिलीप व्हान तीगेम यांनी तो निर्माण करणाऱ्या सूक्ष्मजंतूचे वर्णन करून त्यास ल्युकोनोस्टॉक मेसेंटेरॉइडीस असे नाव दिले. उपद्रवाचे कारण अशा प्रकारे निश्चित झाले. परंतु पदार्थाचा उपयोग करून घेण्याची कल्पना पुढे येण्यास आणखी सु. पासष्ट वर्षे लागली.

या विलंबाचे एक कारण वैचारिक होते. प्रचंड आकाराचे रेणू असू शकतात हेच त्या काळी मान्य नव्हते. डिंक, स्टार्च, रबर इ. पदार्थ म्हणजे लहान रेणूंचे सैल समूह होत, असा समज रूढ होता. जर्मन रसायनशास्त्रज्ञ हेर्मान श्टाउडिंगर यांनी १९२० पासून महारेणूंची कल्पना चिकाटीने मांडली आणि तिला पुष्टी मिळण्यास सबंध दशक लागले. त्याच सुमारास स्वीडनमध्ये उप्साला येथे टेओडोर स्व्हेडबर्ग यांनी अतिवेगी केंद्रोत्सारक यंत्र (फिरविण्याच्या वेगाने विद्रावातील रेणू तळाकडे लोटणारे यंत्र) तयार केले. त्यामुळे अशा रेणूंचे रेणुभार मोजणे शक्य झाले. डेक्स्ट्रानाचा पुढील इतिहास याच गावी घडला, हा केवळ योगायोग नव्हे.

संरचना व विद्राव्यता : डेक्स्ट्रानाच्या मुख्य साखळीत एका ग्लुकोज एककाचा पहिला कार्बन अणू पुढील एककाच्या सहाव्या कार्बन अणूशी ऑक्सिजनाच्या द्वारे जोडलेला असतो. काही ठिकाणी, बहुधा तिसऱ्या कार्बन अणूपाशी, फाटे फुटलेले असतात. औषधासाठी वापरल्या जाणाऱ्या प्रकारात सु. ९५ टक्के जोड पहिल्या प्रकारचे व सु. ५ टक्के फाट्यांचे असतात. सेल्युलोज हेही ग्लुकोजाचेच बहुवारिक आहे. तथापि कापूस पाण्यात विरघळत नाही आणि डेक्स्ट्रान विरघळते. हा फरक एककांचा नसून जोडांचा आहे. सेल्युलोजाच्या सरळ व ताठ साखळ्या एकमेकींस घट्ट चिकटून बसतात व पाण्याच्या रेणूंना त्यांत शिरता येत नाही. डेक्स्ट्रानातील जोडात एक जादा कार्बन अणू आल्यामुळे साखळी लवचिक होते, ती सहजासहजी स्फटिकरूपात रचली जात नाही आणि तिच्यावरील हायड्रॉक्सिल गट पाण्याच्या रेणूंशी बंध करण्यास मोकळे राहतात. दातांवरील कीटणात सूक्ष्मजंतू साखरेपासून जे ग्लुकोज बहुवारिक बनवितात त्यात पहिला व तिसरा कार्बन जोडणारे बंध अधिक असतील, तर ते पाण्यात विरघळत नाही व धुतले जात नाही. एकाच शर्करेपासून वस्त्र, औषध आणि दंतरोगास कारणीभूत होणारा थर हे तिन्ही कसे निर्माण होतात, ते यावरून ध्यानात येते.

एंझाइमी संश्लेषण : सूक्ष्मजंतू हे बहुवारिक कसे तयार करतात याचा उलगडा १९४१ मध्ये अमेरिकन संशोधक एडवर्ड जे. हेरे यांनी केला. जंतू गाळून वेगळे केल्यावर राहिलेल्या निर्जंतुक द्रवात सुक्रोज मिसळले असताही डेक्स्ट्रान तयार होते, असे त्यांना आढळले. जंतू आपल्या शरीराबाहेर सोडत असलेल्या एंझाइमाचे (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणण्यास मदत करणाऱ्या प्रथिनाचे) हे कार्य होते. या एंझाइमास पुढे डेक्स्ट्रानसुक्रेज हे नाव मिळाले. सुक्रोजाच्या रेणूत ग्लुकोज व फ्रुक्टोज या दोन शर्करा जोडलेल्या असतात. एंझाइम त्यांतील बंध तोडून ग्लुकोजाचे एकक वाढत्या साखळीस जोडते व फ्रुक्टोज मोकळे सोडते. तुटणाऱ्या बंधातील ऊर्जाच नव्या बंधासाठी उपयोगी पडत असल्याने विक्रियेस बाहेरून ऊर्जा पुरवावी लागत नाही. सामान्य तापमानास, पाण्यात व किंचित अम्लीय विद्रावात ती सुरळीत चालते. सुक्रोजाचा निम्माच भाग साखळीत जात असल्यामुळे १०० किग्रॅ. साखरेपासून सैद्धांतिक दृष्ट्याही ४७ किग्रॅ.हून थोडे अधिक एवढेच डेक्स्ट्रान मिळू शकते. उरलेले फ्रुक्टोज हा उपपदार्थ होय.

रक्तद्रवाच्या पर्यायाचा शोध : मोठ्या रक्तस्रावानंतर रुग्ण अवसादात (रक्तदाब एकदम उतरून शरीर थंड व निस्तेज पडण्याच्या गंभीर अवस्थेत, शॉकमध्ये) जातो. त्यावेळी तातडीची गरज तांबड्या कोशिकांपेक्षाही वाहिन्यांतील द्रवाचे आकारमान टिकविण्याची असते. मिठाचे पाणी शिरेतून दिल्यास ते थोड्याच वेळात ऊतकांत झिरपून जाते. रक्तद्रवातील (रक्तातील कोशिका वगळता उरणाऱ्या द्रवातील) प्रथिने मात्र वाहिन्यांच्या भित्तींतून सहजी बाहेर पडत नाहीत आणि आपल्या तर्षण दाबाने (अर्धपार्य पटलातून पाणी ओढून घेणाऱ्या दाबाने) पाणी आत धरून ठेवतात. तेव्हा तेवढ्याच आकाराचे, निरुपद्रवी व विद्राव्य बहुवारिक मिळाल्यास प्रश्न सुटेल, हा विचार पहिल्या महायुद्धापासून संशोधकांपुढे होता.

त्या युद्धात ब्रिटिश शरीरक्रियावैज्ञानिक विल्यम बेलिस यांनी बाभळीच्या जातीच्या झाडाच्या डिंकाचा विद्राव सुचविला व तो वापरलाही गेला. परंतु हा डिंक शरीरात विघटित न होता यकृतात साठून राहतो, असे पुढे दिसून आले. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी ॲसिटिलिनापासून बनविलेले पॉलिव्हिनिल पायरोलिडोन हे संश्लेषित बहुवारिक वापरले. त्याने दाब राखण्याचे काम केले. पण शरीरातील कोणतेच एंझाइम त्याचे तुकडे करू शकत नसल्यामुळे त्याचे मोठे रेणू ऊतकांत अडकून पडत. ज्या बहुवारिकाने आपले काम करावे आणि मग नाहीसे व्हावे, असे बहुवारिक हवे होते.

उप्सालातील कार्य : आर्ने टिसेलियस यांच्या उप्साला येथील जीवरसायनशास्त्र संस्थेत ब्यर्न इंगेलमान हे बीटच्या रसात आढळणाऱ्या डेक्स्ट्रानाचा अभ्यास करीत होते. त्याचे गुणधर्म रक्तद्रवातील प्रथिनांशी काही बाबतींत जुळतात, हे ध्यानी येऊन आंदर्स ग्रनव्हाल व इंगेलमान यांनी त्याचा रक्तद्रवाचा पर्याय म्हणून विचार सुरू केला आणि १९४४-४५ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. सूक्ष्मजंतूंनी बनविलेले मूळ डेक्स्ट्रान जसेच्या तसे वापरता येत नव्हते. त्याचा रेणुभार कोट्यवधींच्या घरात असतो व असा विद्राव शिरेत देणे धोक्याचे ठरते. म्हणून विरल अम्लाच्या साहाय्याने त्याच्या साखळ्या मर्यादित प्रमाणात तोडण्यात आल्या आणि योग्य लांबीचे तुकडे वेगळे काढण्यात आले. फार लहान रेणू मूत्रपिंडातून लगेच निघून जातात, तर फार मोठे रेणू तांबड्या कोशिकांच्या गुठळ्या बनवितात. या दोहोंमधील मार्ग शोधणे हे त्या संशोधनाचे मर्म होते. स्वीडनमधील फार्मासिया या त्या वेळी लहान असलेल्या औषध कंपनीने १९४७ मध्ये ‘मॅक्रोडेक्स’ या नावाने हा विद्राव बाजारात आणला. रक्ताभिसरणात राहिलेले डेक्स्ट्रान शरीरात हळूहळू विघटित होऊन त्याचे ग्लुकोज बनते व अखेरीस कार्बन डाय-ऑक्साइड व पाणी होते. डिंक व पॉलिव्हिनिल पायरोलिडोन यांच्या तुलनेत त्याचे श्रेष्ठत्व येथेच होते.

अमेरिकेतील कार्य : युद्धकाळात व त्यानंतर अनेक दात्यांचे रक्तद्रव एकत्र करून वापरले जाई. त्यांतील एखादा दाता रोगवाहक असला, तरी तो सर्व साठा दूषित होई आणि त्यामुळे वाचलेल्या रुग्णांना यकृतशोथ (यकृताची दाहयुक्त सूज) जडे. कोरियातील युद्धाच्या (१९५०–५३) वेळी हा धोका तीव्रतेने जाणवला. इलिनॉय राज्यातील पीओरिया येथील अमेरिकन कृषी खात्याच्या प्रयोगशाळेत ॲलिन जीन्स या कार्बोहायड्रेट-रसायनशास्त्रज्ञ स्त्रीने डेक्स्ट्रानांचा अभ्यास आधीपासूनच चालविला होता. एका पेयाच्या बिघडलेल्या नमुन्यातून मिळालेला सूक्ष्मजंतूचा वाण औषधी डेक्स्ट्रानासाठी सर्वांत उपयुक्त ठरला व ‘बी-५१२’ या क्रमांकाने तो प्रसिद्धी पावला. जीन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ वाणांपासून मिळालेल्या डेक्स्ट्रानांच्या संरचनांची तुलना १९५४ मध्ये प्रसिद्ध केली. डेक्स्ट्रान हा एक पदार्थ नसून संयुगांचे कुटुंब आहे, हे या अभ्यासाने स्पष्ट झाले. अमेरिकी सैन्याने कोरियात डेक्स्ट्रानाचा वापर केला. ते उष्णता देऊन निर्जंतुक करता येते, रक्तगट जुळविण्याची गरज पडत नाही व साठवणही सोपी असते. आघाडीवरील रुग्णालयांच्या दृष्टीने हे गुण मोलाचे होते.

निर्मिती : सुक्रोज, नायट्रोजनयुक्त पोषके व खनिज लवणे असलेल्या निर्जंतुक विद्रावात सूक्ष्मजंतूंची वाढ करतात. एक-दोन दिवसांत विद्राव अतिशय दाट होतो. त्यात अल्कोहॉल मिसळल्यास डेक्स्ट्रान चिकट साक्याच्या रूपाने खाली बसते. त्याचे अम्लाने आंशिक जलीय विच्छेदन (पाण्याच्या विक्रियेने रेणू तोडण्याची क्रिया) करतात. अल्कोहॉलाचे प्रमाण क्रमाक्रमाने वाढवीत नेल्यास प्रथम मोठे व नंतर लहान रेणू साक्यात येतात व अशा रीतीने हवा तो अंश वेगळा काढता येतो. सरासरी रेणुभार सु. ७०,००० असलेल्या अंशाचा ६ टक्के विद्राव रक्ताचे आकारमान वाढविण्यासाठी, तर सु. ४०,००० रेणुभाराच्या अंशाचा १० टक्के विद्राव सूक्ष्म वाहिन्यांतील रक्तप्रवाह सुधारण्यासाठी वापरात आला.

मर्यादा : डेक्स्ट्रान हे रक्त नव्हे, ते ऑक्सिजन वाहून नेत नाही. अधिक मात्रेत दिल्यास रक्त गोठण्याच्या क्रियेत अडथळा येतो. रक्तगट तपासणीतही ते घोटाळा करू शकते, म्हणून रक्ताचा नमुना आधीच घेऊन ठेवावा लागतो. क्वचित प्रसंगी रुग्णाच्या शरीरात आधीपासून असलेल्या प्रतिपिंडांमुळे तीव्र व प्राणघातक प्रतिक्रिया उद्भवते. ती टाळण्यासाठी सु. १,००० रेणुभाराचे अत्यंत लहान डेक्स्ट्रान आधी टोचून प्रतिपिंड गुंतवून ठेवण्याची पद्धत १९८० नंतरच्या दशकात प्रचारात आली. सुरक्षित रक्तघटक उपलब्ध होऊ लागल्यावर आणि लवणविद्रावांवर भर वाढल्यावर या क्षेत्रातील डेक्स्ट्रानाचे महत्त्व पुष्कळ कमी झाले. स्टार्चापासून बनविलेले हायड्रॉक्सिएथिल स्टार्च त्याची जागा घेईल असे वाटत होते. परंतु मूत्रपिंडास इजा होत असल्याचे दिसून आल्याने २०१३ मध्ये यूरोप व अमेरिका येथे त्याच्या वापरावरही कडक निर्बंध आले.

इतर उपयोग : उप्साला येथे येर्कर पोराट व पेर फ्लोडिन यांनी डेक्स्ट्रानाच्या साखळ्या एपिक्लोरोहायड्रिनाने एकमेकींस बांधून पाण्यात फुगणारे, पण न विरघळणारे मणी बनविले. अशा मण्यांच्या स्तंभातून मिश्रण सोडले असता लहान रेणू मण्यांच्या छिद्रांत शिरून रेंगाळतात व मोठे रेणू बाहेरूनच पुढे निघून जातात. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेली व ‘सेफाडेक्स’ या व्यापारी नावाने रूढ झालेली ही पद्धत प्रथिनांच्या शुद्धीकरणात जगभर वापरली गेली. १९६७ मध्ये नेदर्लंड्समधील ए. एल. व्हान वेझेल यांनी याच प्रकारच्या मण्यांवर प्राणिकोशिका वाढविण्याची रीत दाखविली व ती पुढे लसनिर्मितीस उपयोगी पडली. स्वीडनमधील पेर-ऑके आल्बर्टसन यांनी डेक्स्ट्रान व पॉलिएथिलीन ग्लायकॉल यांचे जलीय विद्राव एकमेकांत न मिसळता दोन थर करतात, या गुणाचा कोशिकांचे घटक वेगळे करण्यासाठी १९५० नंतरच्या दशकात उपयोग केला. डेक्स्ट्रानाशी संयोग झालेले लोह १९५४ च्या सुमारास ब्रिटनमध्ये पांडुरोगावरील अंतःक्षेपणासाठी (इंजेक्शनासाठी) पुढे आले. नवजात डुकरांच्या पिलांतील पांडुरोगावरही ते दिले जाते. डोळ्यांचा कोरडेपणा घालविणाऱ्या काही थेंबांतही डेक्स्ट्रान असते.

रासायनिक संश्लेषण : जंतू व एंझाइमे यांच्या मदतीशिवाय शर्करेपासून असे बहुवारिक बनविण्याचे प्रयत्न फार जुने आहेत. स्विस रसायनशास्त्रज्ञ आमे पिक्टे यांनी १९१८ मध्ये स्टार्च निर्वातात तापवून लेव्होग्लुकोसान मिळविले व त्यापासून मोठे रेणूही तयार केले. खरी अडचण अशी की, ग्लुकोजाच्या रेणूवर अनेक हायड्रॉक्सिल गट जवळजवळ सारखेच विक्रियाशील असतात. त्यांमुळे जोड कोठेही होतो आणि फाट्यांचे अनियमित जाळे तयार होते. अमेरिकेतील सिरॅक्यूस येथील ई. आर. रकल व कॉनराड शुअर्च यांनी १९६६ मध्ये यावर मार्ग काढला. लेव्होग्लुकोसानातील तिन्ही हायड्रॉक्सिल गट बेंझिल गटांनी झाकून त्यांनी −७८° से. तापमानास फॉस्फरस पेंटाफ्ल्युओराइड या उत्प्रेरकाच्या साहाय्याने वलय उघडून साखळी वाढविली व शेवटी द्रवरूप अमोनियातील सोडियमाने ती आच्छादने काढून टाकली. परिणामी फाटे नसलेले, शुद्ध सरळ साखळीचे डेक्स्ट्रान मिळाले. संरचना व प्रतिपिंड यांच्या अभ्यासास ते फार उपयोगी पडले. परंतु सूक्ष्मजंतू साध्या साखरेच्या पाण्यात एका टप्प्यात जे करतो त्यासाठी रसायनशास्त्रज्ञाला अनेक टप्पे, अतिशीत तापमान व महाग विक्रियाकारके लागली. उद्योगात ही पद्धत आली नाही, याचे कारण यातच आहे.

जेथे नियमित संरचनेची गरज नाही, तेथे साधा मार्गही पुरेसा ठरतो. अमेरिकेतील फायझर कंपनीतील हान्स रेनहार्ड यांनी ग्लुकोज, सॉर्बिटॉल व सायट्रिक अम्ल अनुक्रमे सु. ८९, १० व १ टक्के या प्रमाणात घेऊन वितळविले व पॉलिडेक्स्ट्रोज हे पाण्यात अतिशय विद्राव्य बहुवारिक तयार केले. त्यातील अनियमित जोड मानवी पाचक एंझाइमांना तोडता येत नसल्यामुळे त्यापासून ग्रॅमला सु. १ किलोकॅलरी एवढीच ऊर्जा मिळते. अमेरिकेत १९८१ मध्ये ते खाद्यपदार्थांत वापरण्यास परवानगी मिळाली.

इतर शर्कराजन्य बहुवारिके : पीओरिया येथील प्रयोगशाळेतच झँथोमोनस कँपेस्ट्रिस या सूक्ष्मजंतूपासून झँथान हा डिंक विकसित झाला. अमेरिकेत १९६९ मध्ये तो खाद्यपदार्थांसाठी मान्य झाला आणि खनिज तेलाच्या विहिरी खणताना लागणाऱ्या द्रवांतही तो वापरला जातो. शर्करेच्या किण्वनाने (सूक्ष्मजीवांच्या क्रियेने) ॲस्परजिलस टेरियस या बुरशीपासून मिळणाऱ्या इटॅकॉनिक अम्लाचे बहुवारिकीकरण होऊ शकते, असे १९५९ मध्ये दाखविण्यात आले. हे बहुवारिक पाण्यात विरघळते व खनिज तेलजन्य पॉलिॲक्रिलिक अम्लास पर्याय म्हणून त्याचा विचार होतो. ग्लुकोजाच्या ऑक्सिडीकरणाने मिळणाऱ्या ग्लुकॅरिक अम्लापासून डॉनल्ड कायली यांनी १९९० नंतरच्या दशकात हायड्रॉक्सिल गटयुक्त नायलॉने तयार केली. त्यांतील काही पाण्यात विद्राव्य आहेत. या सर्वांच्या प्रसारात मुख्य अडसर तांत्रिक नसून आर्थिक आहे. खनिज तेलापासून मिळणारी एकवारिके स्वस्त असल्यामुळे शर्कराजन्य बहुवारिके, झँथानासारखे अपवाद वगळता, मुख्यतः विशिष्ट गुण अथवा शरीरात व निसर्गात होणारे विघटन हवे असेल तेथेच टिकून राहिली आहेत.

साखर उद्योग व डेक्स्ट्रान : मूळ उपद्रव आजही संपलेला नाही. तोडलेल्या, जळालेल्या वा यंत्राने तुकडे केलेल्या उसाच्या उघड्या भागातून जंतू आत शिरतात आणि तोड व गाळप यांमध्ये जितका विलंब होईल तितके सुक्रोज डेक्स्ट्रानात रूपांतरित होते. महाराष्ट्रासारख्या उष्ण प्रदेशात, जेथे ऊस बैलगाड्यांतून वा मालमोटारींतून कारखान्यावर येऊन खोळंबू शकतो, तेथे ऊस ताजा असतानाच गाळण्यास यामुळे फार महत्त्व आहे. डेक्स्ट्रानाने रसाची श्यानता (दाटपणा) वाढते, गाळण मंदावते व साखरेचे स्फटिक लांबट होतात. शिवाय त्याचे प्रकाशीय वलन सुक्रोजाच्या सु. तिप्पट असल्यामुळे ध्रुवणमापकावर रसातील साखर प्रत्यक्षापेक्षा अधिक असल्याचे भासते. जेथे उसाची किंमत अशा मापनावर ठरते, तेथे हा दोष हिशोबातही उतरतो. उपाय म्हणून काही कारखाने डेक्स्ट्रानाचे तुकडे करणारे डेक्स्ट्रानेज हे बुरशीजन्य एंझाइम रसात मिसळतात. तथापि यंत्रसामग्रीची स्वच्छता व तोडलेला ऊस शक्य तितक्या लवकर गाळणे हेच सर्वांत परिणामकारक व कमी खर्चाचे उपाय मानले जातात.